तुर्कस्तानबद्दल तुझं मत काय?



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'परदेशातलं युद्ध, राष्ट्रीय सुरक्षा आणि लोकमत' असा छापलाय. एवढं मोठं नाव वाचून मीच जरा दचकलो. त्यामुळे मी हा विषय एका देशापुरता घेणार आहे. तो देश म्हणजे तुर्कस्तान. तोच का, हे सांगण्यासाठी आधी एक प्रसंग सांगतो.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, सोलापूरचा एक मुलगा मला भेटायला आला. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. तो काळ आठवून बघा. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं. तुर्कस्तानच्या सरकारने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली. पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं, लोकांनी तिकडच्या सहली रद्द केल्या. त्या दिवसांत मेसमध्ये जेवताना ह्याच्या टेबलावर कोणीतरी सहज विचारलं, "काय रे, तुर्कस्तानबद्दल तुझं मत काय?"

टेबलावर सहाजण होते. प्रश्न एकालाच विचारला गेला.

तो मला म्हणाला, "सर, मी 'मला काय माहीत' असं म्हणालो आणि पोळी तोडत बसलो. राग आला होता, पण नंतर वाटलं, खरंच मला काय माहीत आहे? मी एर्तुग्रुलची सिरीयल सगळी बघितलीय. तुर्की सरकारने पाकिस्तानला पाठिंबा दिला ते मला अजिबात आवडलं नाही. आणि मला एकट्यालाच का विचारता, हेही विचारायचं होतं. तिन्ही गोष्टी एकदम तोंडात आल्या आणि एकही बाहेर पडली नाही."

त्या दिवशी मलाही त्याला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वर्षभर जमेल तसं वाचत राहिलो. आजचं भाषण हे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आपण ज्यांच्या वतीने बोललो, त्यांना विचारलं होतं का?

सुरुवात आपल्याच घरापासून करू. मुंबईत भायखळ्याला खिलाफत हाऊस आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य हरलं. खलिफाचं काय होणार या चिंतेने हिंदुस्थानातले मुसलमान रस्त्यावर आले. गांधीजी बरोबर होते. अंगोऱ्यासाठी, म्हणजे आजच्या अंकारासाठी, गावोगाव निधी जमला. बायकांनी दागिने काढून दिले. त्या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. इंग्रजांविरुद्ध हिंदू-मुसलमान इतक्या मोठ्या संख्येने एकत्र आले, हेही त्या चळवळीचं देणं आहे.

पण पुढे काय झालं ते बघा. १९२३ च्या अखेरीस आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी तुर्कस्तानचे पंतप्रधान इस्मत पाशा यांना पत्र लिहिलं. खिलाफतीचा मान राखा, अशी त्यात विनंती होती. हे पत्र अंकाराला पोहोचण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. परक्या देशातले लोक आमच्या राज्यकारभारात ढवळाढवळ करतात, असा तिथे गहजब झाला. पत्र छापणाऱ्या संपादकांवर खटले भरले गेले. ३ मार्च १९२४ रोजी तुर्की संसदेने खिलाफत बरखास्त केली आणि शेवटच्या खलिफाला देशाबाहेर पाठवलं. वाचवायला लिहिलेलं पत्र बरखास्तीच्या बाजूचा मुद्दा होऊन बसलं.

मुंबईत आणि लखनौमध्ये लोक सुन्न झाले. हे धक्का बसणं आपण समजून घेतलं पाहिजे. आपण ज्या तुर्कस्तानसाठी पैसे जमवत होतो, तो आपल्या मनातला होता. प्रत्यक्षातला तुर्की शेतकरी दहा वर्षं सलग लढाया करून थकला होता. त्याला काय हवं आहे हे इथे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या देशातल्या लोकांचं मत गृहीत धरण्याची ही आपली जुनी सवय आहे. फक्त आपलीच नाही, सगळ्यांचीच आहे. पण आपण आपल्याबद्दल बोलू.

न विचारता पाठवलेली फौज

आता तुर्कस्तानातल्या लोकांकडे येऊ. त्यांना तरी कोणी विचारलं का?

१९५० साली कोरियात युद्ध पेटलं. तुर्कस्तानला नाटोत प्रवेश हवा होता, कारण शेजारी सोव्हिएत रशिया होता आणि त्याची भीती खरी होती. पंतप्रधान मेंदेरेस यांच्या सरकारने सुमारे पाच हजारांची तुकडी कोरियाला पाठवायचं ठरवलं. निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, संसदेला विचारलंच नाही. बेहिजे बोरान नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई शांतता संघटनेच्या प्रमुख होत्या. त्यांनी विरोधाची पत्रकं वाटली, तर त्यांना तुरुंगात टाकलं. त्या युद्धात सातशेहून अधिक तुर्की सैनिक मेले. फेब्रुवारी १९५२ मध्ये तुर्कस्तान नाटोचा सदस्य झाला.

हा सौदा चांगला होता की वाईट, यावर तिथे आजही वाद होतात. सदस्यत्वाने देशाला सुरक्षितता मिळाली असं म्हणणारे आहेत. तशी मिळाली असेलही. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्यांची मुलं मरणार होती त्यांच्या प्रतिनिधींना एकदा तरी विचारायला हवं होतं. पुढे १९६१ च्या घटनेत आणि नंतर १९८२ च्या घटनेच्या ९२ व्या कलमात ही अट स्पष्ट झाली. परदेशात फौज पाठवायची असेल किंवा परकी फौज आपल्या जमिनीवर येऊ द्यायची असेल, तर संसदेची परवानगी लागते. कागदावरची ही एक ओळ अर्ध्या शतकानंतर कशी कामाला आली, ते आता सांगतो.

१ मार्च २००३

अमेरिकेला इराकवर दोन बाजूंनी हल्ला करायचा होता. दक्षिणेकडून कुवेतमधून आणि उत्तरेकडून तुर्कस्तानमधून. त्यासाठी ६२ हजार अमेरिकी सैनिकांना तुर्कस्तानात उतरू द्यावं, अशी मागणी होती. बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत मिळणार होती. २००१ मध्ये तुर्कस्तानची अर्थव्यवस्था कोसळलेली, लिराची किंमत घसरलेली, त्यामुळे पैशांची गरज खरीच होती. अमेरिकी जहाजं सामान घेऊन किनाऱ्यापाशी थांबली होती.

सत्तेवर एर्दोगान यांचा एके पक्ष होता. एर्दोगान स्वतः तेव्हा खासदार नव्हते, पंतप्रधान अब्दुल्ला गुल होते. ५५० पैकी ३६३ खासदार एकट्या या पक्षाचे. पक्षाचं नेतृत्व, अमेरिका, मोठे उद्योगपती, सगळ्यांना वाटलं की ठराव सहज मंजूर होणार.

लोकांचं मत मात्र साफ होतं. त्या महिन्यांतल्या चाचण्यांमध्ये दहातले जवळजवळ नऊजण युद्धाच्या विरोधात होते. मतदानाच्या दिवशी अंकारात हजारो लोक रस्त्यावर आले. डावे होते, मजूर संघटना होत्या, मशिदीतून आलेले लोक होते, हिजाब घातलेल्या मुली होत्या, हिजाबला विरोध करणाऱ्या बायकाही होत्या.

संसदेत बंद दाराआड बैठक झाली. मतं मोजली. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. पहिल्यांदा अनेकांना वाटलं की ठराव पास झाला, कारण २६४ हे २५० पेक्षा जास्त आहेत. पण घटनेतला नियम असा होता की हजर असलेल्यांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. हजर ५३३ होते, म्हणजे २६७ मतं हवी होती. तीन कमी पडली. तीन मतांनी ठराव पडला.

विरोधी पक्षाची मतं १८० सुद्धा नव्हती. म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच जवळपास शंभर खासदारांनी एकतर विरोध केला किंवा ते तटस्थ राहिले. आपल्या नेत्याविरुद्ध. त्यातल्या बऱ्याच जणांना मतदारसंघातून फोन येत होते, घरच्यांनी विचारलं होतं, 'तू कशाला हात वर करणार आहेस?'

हा प्रसंग आपल्याकडे कधीकधी असा सांगितला जातो की 'बघा, मुसलमान देश दुसऱ्या मुसलमान देशासाठी उभा राहिला.' मित्रांनो, हे अर्धंच खरं आहे आणि अर्धं खरं फार फसवतं. शेजारच्या मुसलमानांवर आपल्या भूमीवरून बॉम्ब पडू नयेत, असं वाटणारे खूप लोक होते, हे नक्की. पण विरोधात मत देणारा प्रमुख विरोधी पक्ष कट्टर सेक्युलर होता, अतातुर्कचा वारसा सांगणारा. काही राष्ट्रवाद्यांना भीती होती की इराक फुटला तर उत्तरेत कुर्दांचं राज्य होईल. कुर्द भागातल्या खासदारांना उलटी भीती होती की युद्धाच्या निमित्ताने तुर्की फौजच तिकडे घुसेल. सीमेवरच्या ट्रकवाल्यांना १९९१ आठवत होतं. त्या वेळी इराकवर निर्बंध आले आणि त्यांचा धंदा बुडाला, शिवाय सुमारे पाच लाख कुर्द निर्वासित सीमेवरच्या बर्फात येऊन थांबले. शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी यांना संयुक्त राष्ट्रांच्या परवानगीशिवाय होणारं युद्ध बेकायदा वाटत होतं.

कारणं सहा, मत एक. लोकमत असंच बनतं. आकडा एक दिसतो, पण त्याच्या आत अनेक माणसं वेगवेगळ्या दारांतून आलेली असतात. 'तुर्की लोकांना असं वाटतं', 'मुसलमानांना असं वाटतं' असं वाक्य ऐकलं की तुम्ही विचारा, कोणत्या दारातून आलेल्यांना?

पण युद्ध थांबलं का?

नाही थांबलं. हे लपवून मला तुम्हाला गोड गोष्ट सांगायची नाही. २० मार्चला युद्ध सुरू झालं. त्याच दिवशी तुर्की संसदेने अमेरिकी विमानांना आकाश वापरायची परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये त्याच संसदेने इराकमध्ये तुर्की फौज पाठवायलाही मोठ्या बहुमताने मंजुरी दिली. ती गेली नाही याचं कारण इराकच्या तेव्हाच्या नियामक परिषदेलाच ती नको होती.

मग १ मार्चचा उपयोग काय झाला? माझं उत्तर असं आहे की, आपल्या देशाच्या नावावर काय होणार नाही, एवढं तरी लोकांनी ठरवलं. जहाजं वळवून कुवेतकडे न्यावी लागली. तुर्की गावांमधून रणगाड्यांचे ताफे गेले नाहीत. साऱ्या जगाचं युद्ध थांबवणं एका संसदेच्या हातात नव्हतं, पण स्वतःचं दार बंद ठेवणं होतं. नागरिकाच्या हातात बहुतेक वेळा इतकंच असतं. ते कमी आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं.

युरोपचं दार

आता दुसरी बाजू, युरोपीय संघाचं सदस्यत्व. हा प्रश्न युद्धाच्या प्रश्नापासून लांबचा वाटतो, पण तसा नाही.

तुर्कस्तानने १९६३ मध्ये युरोपशी पहिला करार केला. १९८७ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज दिला. १९९९ मध्ये उमेदवार म्हणून मान्यता मिळाली आणि ३ ऑक्टोबर २००५ ला वाटाघाटी सुरू झाल्या. सदस्य व्हायचं तर अटी होत्या, आणि त्या अटींमुळे देशात खूप काही बदललं. २००२ मध्ये शांतताकाळातली फाशीची शिक्षा गेली, २००४ मध्ये ती पूर्णच गेली. कुर्द भाषेत प्रसारणाला परवानगी मिळाली.

सगळ्यांत मोठा बदल राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत झाला. १९६० च्या लष्करी उठावानंतर ही परिषद तयार झाली. नावाला ती सल्ला देणारी होती, पण सेनापतींचा सल्ला म्हणजे हुकूमच असायचा. शाळेत काय शिकवायचं, टीव्हीवर काय दाखवायचं, कोणता पक्ष धोकादायक, हे सगळं 'राष्ट्रीय सुरक्षा' या दोन शब्दांत बसायचं. युरोपात जायचं म्हणून २००३ मध्ये तिचे अधिकार कमी केले गेले आणि २००४ मध्ये पहिल्यांदा एक बिगरलष्करी अधिकारी तिचा महासचिव झाला. या सुधारणांना धार्मिक लोकांचा पाठिंबा होता, कारण सेनापतींच्या काठीचे वळ त्यांच्याही पाठीवर होते.

त्या काळात लोकांना युरोप हवा होता. 'ट्रान्सअटलांटिक ट्रेंड्स' नावाच्या पाहणीत २००४ मध्ये ७३ टक्के तुर्की लोकांनी सदस्यत्व ही चांगली गोष्ट आहे असं सांगितलं. सहा वर्षांनी, २०१० मध्ये, तोच आकडा ३८ टक्क्यांवर आला होता.

सहा वर्षांत तुर्की माणूस बदलला का? तो जास्त धार्मिक झाला, म्हणून त्याला युरोप नकोसा झाला? असं म्हणणारे लोक आहेत. पण मधल्या काळात काय घडलं ते बघा. २००५ मध्ये फ्रान्सने घटनेत दुरुस्ती करून पुढच्या नव्या सदस्यांसाठी सार्वमताची तरतूद केली. सगळ्यांना कळलं की ती कोणासाठी आहे. २००६ मध्ये सायप्रसच्या वादावरून वाटाघाटींची आठ प्रकरणं गोठवली गेली. एकूण ३५ प्रकरणांपैकी आजवर फक्त एक बंद झालंय. आपल्याला लग्नाच्या जेवणाला बोलावलं आणि दर वेळी दारातच थांबवून 'अजून पंगत बसायचीय' असं सांगितलं, तर काही वर्षांनी आपणही म्हणू की मला तिथे जायचंच नव्हतं. त्या ३८ टक्क्यांत हा अपमान किती आणि खरा नकार किती, हे आकडा सांगत नाही.

आणि युरोपातलं लोकमत? २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी सार्वमत झालं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या मुख्य मोहिमेने पोस्टर लावलं की तुर्कस्तान, लोकसंख्या ७ कोटी ६० लाख, युरोपीय संघात येतोय. प्रत्यक्षात वाटाघाटी ठप्प होत्या. पण भीती घरोघरी पोहोचली. ५१.९ टक्क्यांनी निकाल लागला. तो एका पोस्टरमुळे लागला असं मी म्हणत नाही. अंकारातल्या माणसाला लंडनच्या भिंतीवर उभं करून त्याच्या नावाने मतं मागितली गेली, एवढं मात्र खरं. मेसमधल्या आपल्या मुलाला ही जागा ओळखीची वाटेल.

'नाही' म्हणण्याची किंमत

जानेवारी २०१८. तुर्की फौज सीरियातल्या आफ्रीन भागात शिरली. चाचण्यांमध्ये पाठिंबा भरपूर होता. २००३ चाच देश, तोच नेता, पण आता लोकमत युद्धाच्या बाजूने.

इथे थांबून बघायला हवं. त्या आठवड्यात तुर्की डॉक्टरांच्या संघटनेने एक निवेदन काढलं. युद्ध हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं त्याचं शीर्षक होतं. डॉक्टरांनी हे म्हणू नये तर कोणी म्हणायचं? काही दिवसांत संघटनेच्या मध्यवर्ती समितीच्या ११ सदस्यांना ताब्यात घेण्यात आलं. पुढे खटला चालला, खालच्या कोर्टात शिक्षाही झाल्या. सोशल मीडियावर विरोधात लिहिल्याबद्दल शेकडो लोकांची धरपकड झाली. त्याच वर्षी देशातला मोठा माध्यमसमूह सरकारच्या जवळच्या उद्योगपतीकडे गेला.

तरीही ते सगळं समर्थन खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत अंकारा आणि इस्तंबूलमध्ये भयंकर बॉम्बस्फोट झाले होते. २०१६ मध्ये उठावाचा प्रयत्न होऊन अडीचशेच्या आसपास माणसं मेली होती. भीती खरी होती. पण 'नाही' म्हणणारा डॉक्टर तुरुंगात जात असेल, तर 'हो' म्हणणाऱ्यांचा आकडा आपल्याला काय सांगतो? २००३ मध्ये लोक नाही म्हणाले, कारण नाही म्हणता येत होतं. २०१८ मध्ये किती लोकांना नाही म्हणायचं होतं, हे मोजायची सोयच उरली नव्हती.

आणि हे कोणी केलं? सेनापतींच्या 'राष्ट्रीय सुरक्षे'ला कंटाळून जे निवडून आले, त्यांनीच. दोन शब्द तेच राहिले, फक्त काठी दुसऱ्या हातात गेली. एर्दोगान यांच्या भाषणांचे तुकडे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'मर्द-ए-मुजाहिद' म्हणून फिरतात, तेव्हा मला त्या ११ डॉक्टरांची आठवण येते. तेही बहुतेक मुसलमान घरांतलेच होते ना?

आपल्या देशाकडे परत

आपल्या घटनेत फौज परदेशी पाठवण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी, अशी अट नाही. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली तो सरकारचा निर्णय होता. सुमारे बाराशे जवान तिथून परत आले नाहीत.

पण २००३ ची आपली गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला. त्यात 'निंदा' हा शब्द वापरला. मग अमेरिकेने इराकमध्ये भारतीय फौज मागितली. सरकार वाजपेयींचं होतं, त्यातल्या काहींना पाठवावीशी वाटत होती. विरोधी पक्षांनी विरोध केला, वर्तमानपत्रांतून लिहिलं गेलं, माजी सैनिक बोलले. १४ जुलैला सरकारने सांगितलं, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय नाही. आपला एकही जवान त्या युद्धात गेला नाही. हा निर्णय हिंदूंचा नव्हता, मुसलमानांचा नव्हता, भारतीय नागरिकांचा होता. त्या वेळी विरोध करणाऱ्यांना कोणी 'तुम्ही कोणाच्या बाजूचे' असं विचारलं नाही, किंवा निदान आजच्याइतकं सहज विचारलं नाही.

आता त्या मुलाकडे येतो. बाळा, तू आज समोर बसला आहेस, मला दिसतोयस. पुन्हा कोणी विचारलं, तर काय सांगशील?

पहिलं, प्रश्न टाळू नकोस. आपण नागरिक आहोत, मत असणं हा आपला हक्क आहे. 'पाकिस्तानला पाठिंबा देणारी तुर्की सरकारची भूमिका मला चूक वाटते' हे मनापासून वाटत असेल तर स्वच्छ सांग. ते भीतीपोटी सांगू नकोस, आणि टाळ्या मिळाव्यात म्हणूनही सांगू नकोस.

दुसरं, सरकार आणि लोक यांत फरक कर. १ मार्च २००३ ची गोष्ट त्यांना सांग. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाची सांग. तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली, तेव्हा आपल्या एनडीआरएफच्या तुकड्या आणि लष्कराचं रुग्णालय तिथे पोहोचलं होतं. ती मोहीम आपण 'ऑपरेशन दोस्त' या नावाने केली. ढिगाऱ्याखालच्या मुलीला बाहेर काढताना आपल्या जवानांनी तिच्या सरकारची भूमिका विचारली नाही.

तिसरं, कोणताही आकडा ऐकलास की तीन गोष्टी विचार. कोणाला विचारलं? नेमकं काय विचारलं? आणि नाही म्हणणाऱ्याला काय किंमत मोजावी लागत होती? हे तीन प्रश्न तुर्कस्तानला लाव, आपल्या देशाला लाव, आपल्या मोहल्ल्यालाही लाव. जमातीच्या बैठकीत 'सगळ्यांचं असंच मत आहे' असं कोणी म्हणालं, की बायका तिथे होत्या का, हेही विचार.

आणि चौथं, शेवटचं. शांतपणे, हसून, त्या टेबलावरच्या बाकी पाचजणांना विचार, "माझं सांगितलं. आता तुमचं तुर्कस्तानबद्दल काय मत आहे?" भांडायला नव्हे, खरंच ऐकायला. त्यांनाही कोणी विचारलेलं नसतं. एका टेबलावर सहाही जणांना एकच प्रश्न विचारला गेला की ती उलटतपासणी राहत नाही, चर्चा होते. लोकमत तिथून सुरू होतं.

चहाची वेळ झालीय. चहानंतर प्रश्नोत्तरं आहेत, आणि माझ्याशी मतभेद असलेल्यांना आधी बोलायला देणार आहोत.